वन्समोअर कोणाला?

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. यवतमाळच्या एका सभागृहात नाट्यपदांचा कार्यक्रम होता. नेपथ्य नव्हते, रंगभूषा नव्हती. मंचावर ऑर्गन, तबला, चार गायक आणि एका कोपऱ्यात निवेदक. 'सौभद्र'पासून 'कट्यार'पर्यंतचा प्रवास तीन तासांत घडवून आणायचा, असा बेत होता. सभागृह जवळजवळ भरले होते. पुढच्या रांगांत माझ्यासारखे पिकल्या केसांचे लोक, मागे शाळा-कॉलेजांची काही मुले आणि मधल्या रांगांत बायकांचा मोठा घोळका.

मध्यंतरानंतर 'एकच प्याला'ची पाळी आली. निवेदकाने गडकऱ्यांचे नाव घेतले, बालगंधर्वांचे घेतले, आणि सिंधू आपल्या मुलाला घास भरवताना जे पद म्हणते ते गायिकेने सुरू केले. आवाज गोड, शब्द स्वच्छ. पद संपताच टाळ्या झाल्या आणि माझ्या मागच्या रांगेतून एका गृहस्थाने मोकळ्या गळ्याने साद घातली, "वन्समोअर!"

त्यावर त्यांच्या शेजारच्या रांगेतून एका बाईंचा आवाज आला. चढा नव्हता, पण साऱ्या सभागृहाला ऐकू गेला.

"भाऊ, लेकराच्या पोटात घास त जाऊ द्या, मंग म्हना वन्समोअर."

लोक हसले. मीही हसलो. घरी परतल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. संगीत नाटकाच्या प्रेक्षकांविषयी मी बरीच वर्षे वाचतो, टिपणे काढतो. वन्समोअरविषयी आजवर जे वाचले त्यात कौतुक होते, तक्रार होती, विनोदही होता. पण वन्समोअर नेमका कोणाला द्यायचा, गाणाऱ्याला की त्या पात्राला, हा प्रश्न इतक्या थोड्या शब्दांत कोणी विचारलेला मला आठवेना. या लेखात मी त्याच प्रश्नाचा माग काढणार आहे.

गाणे पात्राच्या तोंडी आले तेव्हा

नाटकातले गाणे नाटकाबाहेर काढून मैफलीत मांडले की नाटकाचा जीव जातो, अशी तक्रार आपल्याकडे जुनी आहे. ती खरी की खोटी हे ठरवण्याआधी गाणे नाटकात कसे आले ते पाहायला हवे.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले. त्या पद्धतीत गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असे. तो पद्यातून कथा सांगे, आणि पात्रे येऊन त्या प्रसंगाचा अभिनय करीत, संभाषणे बहुधा आयत्या वेळी रचून बोलत. गाणारा एक आणि भोगणारा दुसरा, अशी ती विभागणी होती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले तेव्हा ही विभागणी मोडली. शकुंतला स्वतः गाऊ लागली, दुष्यंत स्वतः गाऊ लागला. १८ नोव्हेंबर १८८२ला 'सौभद्र' आले आणि ही पद्धत मराठी माणसाच्या अंगवळणी पडली.

'सौभद्रा'त शंभराहून अधिक पदे आहेत. आजच्या माणसाला हा आकडा ऐकून धडकी भरते. एवढी पदे गायची तर नाटक संपायचे केव्हा? पण त्यातली बरीचशी पदे लहान आहेत. साकी, दिंडी, कामदा, ओवी, लावणीच्या चाली, कीर्तनातल्या चाली. लोकांच्या कानावर आधीच असलेली ही वळणे होती. ती गायली जात तशीच बोललीही जात. सुभद्रा रागावली की पदातून रागावते, नारद कळ लावतो ती पदातून, कृष्ण साळसूदपणे उत्तर देतो तेही पदातून. गाणे हेच तिथे संभाषण होते. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा, मोरोबा वाघोलीकरांचा अर्जुन आणि बाळकोबा नाटेकरांचा कृष्ण यांनी त्या काळच्या प्रेक्षकांना वेड लावले ते या गात्या संभाषणाने.

आता आपल्या मैफलीकडे पाहा. निवेदक कथा सांगतो आणि गायक गातो. म्हणजे भाव्यांच्या काळची विभागणी पुन्हा आली, फक्त अभिनय करणारी पात्रे तेवढी गेली. किर्लोस्करांनी जे एका देहात आणले होते ते पुन्हा दोन ठिकाणी वाटले गेले. ही केवळ तक्रार म्हणून मी सांगत नाही. अशा मैफलीत निवेदकाचे काम किती मोठे असते ते लक्षात यावे, म्हणून सांगतो.

रसिकांनीच नाटक थांबवले

नाटकातून गाणे वेगळे काढले ते मैफलीवाल्यांनी नव्हे. ते काम त्याआधी कितीतरी वर्षे प्रेक्षकांनी केले होते, आणि त्यांचे हत्यार होते वन्समोअर.

शब्दाची गंमत पाहा. इंग्रज प्रेक्षकाला पद पुन्हा हवे असले की तो फ्रेंच शब्द वापरतो, 'आँकोर'. इटलीतला प्रेक्षक 'बिस' म्हणतो. आणि मराठी प्रेक्षक इंग्रजी शब्द वापरतो. पण तो आपण इतका आपला करून टाकला की 'वन्समोअर घेणे', 'वन्समोअर पडणे', 'तीन वन्समोअर मिळाले' असे सगळे वाक्प्रचार मराठीत तयार झाले. वन्समोअर मागणारा प्रेक्षक कथा थांबवतो. अर्जुन निघालेला असो की भामिनी रडत असो, त्या क्षणी पात्र बाजूला होते आणि नट प्रेक्षकांपुढे उभा राहतो.

किर्लोस्करांच्या छोट्या पदांना हा धक्का सोसण्यासारखा होता. पुढे पदांचे रूप बदलले. १२ मार्च १९११ला मुंबईत किर्लोस्कर मंडळीने खाडिलकरांचे 'मानापमान' रंगभूमीवर आणले. गोविंदराव टेंब्यांनी त्याला उत्तर हिंदुस्थानी ढंगाच्या चाली दिल्या. १९१६च्या डिसेंबरात 'स्वयंवर' आले, त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. पदांची संख्या कमी झाली आणि एकेक पद फुलू लागले. रागाची बढत, ताना, लयीचे खेळ यांना जागा मिळाली. वन्समोअर मिळाला की बालगंधर्व तेच पद पुन्हा वेगळ्या वळणाने गात, अशी त्यांची ख्याती होती. मग एका पदाला दोन-तीन वन्समोअर आणि नाटक उजाडेपर्यंत, हे नेहमीचेच झाले. रुक्मिणी कृष्णाला निरोप धाडते ती गोष्ट कोणाच्या ध्यानात राहणार? नाटकाचा विचार करणाऱ्या टीकाकारांनी याविरुद्ध लिहिले. प्रेक्षकांनी त्यांचे ऐकले नाही.

'मानापमाना'च्या त्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशीच बालगंधर्वांचे मूल वारले, आणि तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले, ही हकीगत प्रसिद्ध आहे. प्रेक्षकांना ते 'मायबाप' म्हणत. त्या संबोधनात लाघव होते, तसा एक करारही होता. मायबाप मागतील ते द्यायचे. वन्समोअर हा त्या कराराचाच एक भाग.

या साऱ्याचा कळस म्हणजे ८ जुलै १९२१चा संयुक्त 'मानापमान'. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या मुंबईत एका रंगमंचावर आल्या. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. सर्वांत महाग तिकीट शंभर रुपयांचे होते असे सांगतात, आणि तरी थिएटर भरून वाहिले. धैर्यधर आणि भामिनीचे पुढे काय होते हे जाणून घ्यायला शंभर रुपये कोण देईल? ती कथा दहा वर्षे लोकांना पाठ होती. लोक आले ते दोन गळे समोरासमोर ऐकायला. कोणाला किती दाद मिळते याची चुरस पाहायला. वेशभूषा होती, पडदे होते, गद्य संवाद होते. पण प्रेक्षकांच्या मनात त्या रात्री मैफलच चालली होती, असे मला वाटते. तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले आणि त्या रात्रीची दंतकथा झाली.

मंचावरून पडदे आणि पोशाख काढून घेऊन केवळ गाणे ठेवायचे, ही कल्पना मैफलीच्या आयोजकाला सुचण्याआधी प्रेक्षकाच्या कानांनी अमलात आणली होती, ती अशी.

पद घरी कसे आले

आमच्या वऱ्हाडात याला आणखी एक पदर आहे. कापसाचा पैसा खेळत असे तेव्हा नाटक कंपन्यांना वऱ्हाडचा दौरा हवासा वाटे. पण कंपनी येणार म्हणजे पडदे, पेट्या, माणसे असा सगळा संसार घेऊन येणार, काही खेळ करणार आणि जाणार. मधल्या काळात नाटक उरायचे ते तुकड्यांत. पदांच्या छापील पुस्तिका, कोणाच्या तरी पेटीवर बसवलेली चाल, गणेशोत्सवातले मेळे. मग ग्रामोफोन आला. त्याच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे मावत. थिएटरात अर्धा तास चालणारे पद तीन मिनिटांत आटोपशीर झाले, आणि ज्याने कंपनीचे नाटक कधी पाहिले नाही त्याच्याही कानात पोचले. १६ जुलै १९४८ला नागपूरला आकाशवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा तर नाट्यपद घरोघर गेले.

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. लहानपणी आजी मला वरणभाताचा घास भरवताना एक गाणे म्हणे. मला ते आजीचेच गाणे वाटे. जात्यावरच्या ओव्यांसारखे, तिने आईकडून उचललेले. कॉलेजात गेल्यावर 'एकच प्याला' वाचायला घेतले आणि चौथ्या अंकाच्या आसपास मी थबकलो. आजीचे गाणे तिथे छापलेले होते. आजीला विचारले तेव्हा कळले, तिने ते नाटक कधी पाहिलेच नव्हते. तबकडीवर ऐकले की शेजारणीकडून, हेही तिला सांगता येईना. सिंधू कोण हे तिला ठाऊक होते, इतकेच. "नवऱ्यानं दारूपायी वाटोळं केलं तिचं," ती म्हणाली, आणि कामाला लागली.

म्हणजे नाटकातून निघालेले पद मेले नव्हते. ते एका घरात पोचले होते आणि तिथे पुन्हा मुलाला घास भरवीत होते. किर्लोस्करांच्या नाटकात गाणे हेच बोलणे होते, तसेच हे. गाण्यामागचे कारण गाण्याबरोबर आले होते.

मैफलीला सोसणारी नाटके, न सोसणारी नाटके

सगळी संगीत नाटके मैफलीत सारखी उतरत नाहीत. याचे कारण गाणे नाटकात कोणत्या नात्याने आले आहे त्यात असते.

बोलपट आल्यावर नाटक कंपन्या एकेक करून मोडल्या. १९६०च्या सुमाराला संगीत नाटकाने पुन्हा डोके वर काढले, त्यात विदर्भाच्या माणसांचा वाटा मोठा आहे. 'पंडितराज जगन्नाथ', 'सुवर्णतुला', 'मंदारमाला' लिहिणारे विद्याधर गोखले अमरावतीचे. 'कट्यार काळजात घुसली' लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचे. आणि 'कट्यार'मधले खाँसाहेब झालेले वसंतराव देशपांडे जन्माने मूर्तिजापूरचे. मूर्तिजापूर म्हणजे आमच्या शकुंतला रेल्वेचे दुसरे टोक. कापूस वाहून नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकलेला तो अरुंद रूळमार्ग यवतमाळहून निघून मूर्तिजापूरला मोठ्या लाइनीला मिळे. त्यामुळे यवतमाळच्या जुन्या लोकांना वसंतराव 'आपल्या गाडीवरचे' वाटत.

बालगंधर्व १५ जुलै १९६७ला गेले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला 'कट्यार' रंगभूमीवर आले, संगीत जितेंद्र अभिषेकींचे. या नाटकाची मांडणीच वेगळी. त्यात दोन घराण्यांच्या गायकांची झुंज आहे, आणि पात्रे गातात ती बहुतेक वेळा गायक म्हणूनच गातात. दरबारात, रियाजाला बसून, शिष्याला तालीम देताना. म्हणून 'कट्यार'चे पद मैफलीत आले तरी त्याचे फारसे बिघडत नाही. नाटकात समोर दरबार असतो, मैफलीत आपण असतो. आपण 'वा!' म्हणतो ते खाँसाहेबांनाही लागू पडते आणि गाणाऱ्यालाही. तिथे वन्समोअर मागितला तर नाटकाच्या न्यायाने ते चूक ठरत नाही.

'सौभद्र' या दोन टोकांच्या मधले. सुभद्रेचा रुसवा मैफलीत कळायला निवेदकाची चार वाक्ये लागतात. ती मिळाली की प्रेक्षक हसतात, नाहीतर चाल ऐकतात. त्या दिवशीच्या कार्यक्रमात निवेदकाने बलरामाने सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी ठरवले आहे आणि तिचे मन अर्जुनावर आहे, एवढे सांगितले. माझ्या मागची कॉलेजातली मुले लगेच सरसावून बसली. घरच्यांनी लग्न भलतीकडे ठरवणे हा विषय त्यांना समजावून सांगावा लागत नाही. त्या पदाला टाळी आली ती शब्दावर आली, तानेवर नव्हे. मी मुद्दाम लक्ष ठेवले होते.

'एकच प्याला' मात्र अगदी दुसऱ्या टोकाला आहे. २० फेब्रुवारी १९१९ला बडोद्याला गंधर्व मंडळीने त्याचा पहिला प्रयोग केला. गडकरी तो पाहू शकले नाहीत. महिन्याभरापूर्वीच, २३ जानेवारीला, नागपूरजवळ सावनेरला त्यांचे निधन झाले होते. पदेही त्यांची नव्हेत, ती वि. सी. गुर्जरांनी रचली. बालगंधर्व सिंधू आणि गणपतराव बोडस सुधाकर. भरजरी शालूतल्या भामिनी-रुक्मिणीला डोळे भरून पाहणाऱ्या प्रेक्षकांपुढे बालगंधर्व दळण दळणारी, फाटक्या लुगड्यातली बाई होऊन आले. प्रेक्षक, विशेषतः बायका, रडत, असे त्या काळच्या माणसांनी सांगून ठेवले आहे. आणि गंमत अशी, की त्याच नाटकात वन्समोअरही पडत. रडणे आणि पुन्हा मागणे एकाच प्रेक्षागृहात चाले. पण तिथे पुढचा अंक यायचा होता. पद तीनदा गाऊन झाले तरी सुधाकर दारू पिऊन घरी येणारच होता. वन्समोअरने कथा थांबे, पण टळत नसे.

मैफलीत पुढचा अंक येत नाही. पुढे येते ते दुसऱ्या नाटकातले पद.

जगात इतरत्र

हा पेच आपल्या एकट्यांचा नाही. न्यूयॉर्कच्या सिटी सेंटरमध्ये १९९४पासून 'एन्कोअर्स' नावाची मालिका चालते. जुनी, विस्मृतीत गेलेली संगीत नाटके थोड्या तालमीत, मोठा वाद्यवृंद मंचावर बसवून, नेपथ्याचा फारसा पसारा न मांडता सादर करायची, हा तिचा मूळ हेतू. १९९५ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'ले मिझराब्ल' या संगीत नाटकाचा दहावा वाढदिवस असाच मैफलीने साजरा झाला. गायक पोशाखात, पण ध्वनिक्षेपकापुढे उभे. शेवटी निरनिराळ्या देशांत नायकाची भूमिका करणारे सतराजण मंचावर आले आणि आपापल्या भाषेत गायले. तिथल्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या दिल्या त्या कोणत्या नायकाला? एकाच पात्राचे सतरा देह पाहताना पात्र कुठे उरले? तरी त्या कार्यक्रमाने लाखो लोकांना मूळ नाटकाकडे ओढले, हेही खरे.

मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात तर पद पुन्हा गाण्यावर बंदीच होती. ऑपेराची कथा तुटते म्हणून. तो पायंडा मोडला २० फेब्रुवारी २००७ रोजी. पेरू देशाच्या हुआन दिएगो फ्लोरेस या गायकाने प्रेक्षकांच्या आग्रहाखातर एक पद पुन्हा गायले. १९३३नंतर तिथे असे पहिल्यांदाच घडले, म्हणून जगभर त्याची बातमी झाली. आपल्या एखाद्या जुन्या ऑर्गनवाल्याने ती वाचली असती तर त्याला हसू आवरले नसते. पण ला स्कालाच्या त्या कडक नियमामागची काळजी तीच होती, जी आमच्या सभागृहातल्या त्या बाईंनी वऱ्हाडीत बोलून दाखवली.

घास

आता पुन्हा यवतमाळ. या जिल्ह्यात 'एकच प्याला' केवळ वाङ्मयाचा विषय नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. दुसऱ्या बाजूच्या चंद्रपुरात २०१५ साली झाली आणि २०२१ला उठली. यवतमाळात ती व्हावी म्हणून इथल्या बायकांनी मोर्चे काढले, निवेदने दिली. त्या दिवशी मधल्या रांगांत बसलेल्या बायकांपैकी कोण त्या मोर्चांत होत्या, मला माहीत नाही. पण सुधाकर म्हणजे काय हे त्यांना निवेदकाने सांगण्याची गरज नव्हती. निवेदकाने सांगायला हवे होते ते वेगळेच. त्या घासात काय आहे, तो कुठून आला, सिंधूने त्यासाठी काय केले आहे. ते त्याने सांगितले नाही. त्याने प्रयोगाची तारीख सांगितली, रागाचे नाव सांगितले आणि बालगंधर्वांची एक आठवण सांगितली. सगळी माहिती बरोबर होती.

आमच्या पूर्वेला, वर्धा-वैनगंगेच्या पलीकडच्या झाडीपट्टीत अजून दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटके चालतात. मंडई असते, शंकरपट असतो आणि रात्री गावाबाहेर मांडवात नाटक. २०२३ साली त्या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या लोकांना तिचे नाव कळले. तिथे गाणे, लावणी, विनोद सगळे असते आणि प्रेक्षक मनसोक्त दाद देतो. पण पहाटेपर्यंत बसून तो कथेचा शेवट पाहूनच उठतो. लेकराचे काय झाले हे कळल्याशिवाय तिथली बाई घरी जात नाही.

त्या कार्यक्रमात पुढे काय घडले ते सांगायचे राहिले. हशा ओसरल्यावर गायिका क्षणभर थांबली. वन्समोअर मागणारे गृहस्थही काही बोलले नाहीत. तिने ऑर्गनवाल्याकडे पाहिले, मान हलवली आणि पद पुन्हा गायले नाही. निवेदकाने घाईने पुढचा कागद उलटला आणि कार्यक्रम 'मत्स्यगंधा'कडे गेला.

कार्यक्रम संपल्यावर बाहेर चपलांच्या गर्दीत त्या बाई दिसल्या. साठीच्या असाव्यात, बरोबर सून किंवा लेक होती. मी मुद्दाम थांबलो. म्हणालो, "काकू, तुम्ही फार योग्य बोलल्या." त्या संकोचल्या. म्हणाल्या, "तोंडातून निंगून गेलं बापा." नाटक पाहिले आहे का, असे विचारले. नव्हते पाहिले. गाणे मात्र रेडिओवर कितीदा ऐकले होते.

मग त्यांनीच मला विचारले, "मंग त्या लेकराचं काय झालं?"

तीन तासांच्या कार्यक्रमानंतर हा प्रश्न शिल्लक होता आणि तो मला, एका परक्या माणसाला, विचारावा लागत होता. मी सांगितले. शेवटच्या अंकात दारूच्या नशेत सुधाकराच्या हातूनच ते मूल मारले जाते. सिंधूही जाते. शेवटी तो स्वतः विष पितो.

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. बरोबरच्या मुलीकडे पाहून म्हणाल्या, "मले वाटलंच होतं." मग मला नमस्कार करून ऑटोकडे गेल्या.

तेव्हापासून नाट्यपदांच्या कार्यक्रमाला गेलो की मी आयोजकांना एक विनंती करतो. वन्समोअर बंद करा असे मी म्हणत नाही. तो आपल्या रंगभूमीचा जुना हक्क आहे, आणि 'कट्यार'च्या पदाला मीही तो मोठ्याने मागतो. नाटक तुकड्यांत करू नका असेही म्हणत नाही. आमच्या वऱ्हाडात ते बहुतेकांना तुकड्यांतच मिळाले आणि माझ्या आजीने त्या एका तुकड्यावर नातवंडे जेवू घातली. विनंती एवढीच असते, की पदाआधी राग कोणता ते सांगितले नाही तरी चालेल. ते कोण गाते आहे, कोणासाठी गाते आहे आणि पुढे काय होणार आहे, ते सांगा. पुन्हा गायला लावायचे की थांबायचे, हे मग मायबाप ठरवतील.